पसरणी घाटातून प्रतापगडाकडे

प्रतापगडावर मी यापूर्वी तीन वेळा गेलो होतो आणि तिन्ही वेळा कार्यक्रम एकच होता. गाडीतून उतरायचे, धापा टाकत पायऱ्या चढायच्या, भवानीमातेचे दर्शन घ्यायचे, अश्वारूढ पुतळ्यासमोर फोटो काढायचा आणि कोकम सरबत पिऊन महाबळेश्वरच्या बाजारात परतायचे. चौथ्या खेपेला निमित्त झाले ते वाईच्या मामांचे. २०२५च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला आणि त्यात प्रतापगडाचे नाव आले, तेव्हा मी उत्साहाने त्यांना फोन केला. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "चांगलं झालं. पण पुतळ्याच्या दिवशी मी कुठं होतो, ते तुला कधी सांगितलंय का?" त्यांनी ते कधीच सांगितले नव्हते. मामा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत, त्यामुळे हे ऐकायचे तर उशीर करून चालणार नव्हते.

पहिला दिवस : सांगली, सातारा, वाई

दसरा होऊन आठवडा उलटला होता तरी पाऊस हटायला तयार नव्हता. पत्नी, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि मी पहाटे सांगलीहून निघालो, पेठ नाक्याला महामार्गाला लागलो, कऱ्हाडला चहा घेतला आणि सकाळीच साताऱ्यात पोहोचलो. या प्रवासाविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही घडले नाही.

प्रतापगडाला जाणाऱ्याने साताऱ्यात का थांबावे, असे कोणी विचारील. आमच्यासाठी त्याचे उत्तर मागच्या वर्षीच्या एका रांगेत होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि जुलै २०२४ मध्ये सर्वप्रथम साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली, तेव्हा आम्ही ती पाहून आलो होतो. एक पट्टी, चार वाकडी नखे, दोन अंगठ्या. काचेआडची ती वस्तू तळहातात मावेल एवढीच होती. ती साताऱ्याचा पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडून त्याच्या घराण्यात आणि तिथून संग्रहालयात गेली. सोबतच्या पेटीवरील इंग्रजी मजकूर सांगतो की, याच वाघनखांनी शिवाजी महाराजांनी मोगल सेनापतीला मारले. अफझलखान मोगलांचा नव्हे, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता, हे आपल्याकडे चौथीतले मूलही सांगते. म्हणजे पेटीवरील मजकूर लिहिणाऱ्याची माहिती ऐकीव होती, हे उघड आहे. महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, याची खातरी देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. यावरून वादही बराच झाला. त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे मांडीवर नातू घेऊन बसलेल्या एका आजींना कोणीतरी हा वाद ऐकवला, तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "नसंना का तीच. आठवण तर त्याचीच हाय."

हे वाक्य या वेळच्या तिन्ही दिवसांत माझ्या डोक्यात राहिले. प्रतापगडावर खरे काय आहे आणि आठवण म्हणून काय उभे केले आहे, हे वेगवेगळे पाहता येईल का, एवढाच माझ्या या सहलीचा खरा हेतू होता.

कंदी पेढ्यांचे दोन बॉक्स घेऊन दुपारी वाईत पोहोचलो. वहिनींनी घेवड्याची आमटी, ज्वारीची भाकरी आणि खर्डा असा बेत केला होता. खर्ड्याला मिरची कुठली वापरली हे विचारण्याआधीच डोळ्यांतून पाणी आले. संध्याकाळी पाऊस थांबला तेव्हा मामा आम्हाला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेले. ढोल्या गणपतीच्या मागच्या बाजूला पाणी गढूळ आणि वेगाने वाहत होते, त्यामुळे वरच्याच पायरीवर बसलो.

प्रतापगडाची गोष्ट वाईपासून सुरू होते, असे मामांचे ठाम मत आहे आणि ते मला पटते. अफझलखान या भागाला नवा नव्हता. तो पूर्वी वाईचा सुभेदार होता आणि १६५९ मध्ये मोठी फौज घेऊन आला तेव्हा त्याने तळ दिला तोही वाईलाच. नदीकाठचा हा सपाट, सुपीक मुलूख घोडदळाला, हत्तींना आणि तोफांना सोयीचा होता. महाराजांनी भेटीला वाईस यावे, असा त्याचा आग्रह असणे त्यामुळे स्वाभाविक होते, आणि आपण भ्यालो आहोत, खानसाहेबांनीच जावळीत यावे, असा निरोप महाराजांनी धाडणे हेही तितकेच स्वाभाविक होते. खानाकडून कृष्णाजी भास्कर आणि महाराजांकडून पंताजी गोपीनाथ बोकील या दोन वकिलांनी जी बोलणी केली, तिचा सगळा गाभा भेट मैदानात व्हायची की रानात, एवढाच होता.

"लोकांना वाघनखं आठवतात," मामा म्हणाले, "पण खान इथून उठला, तेव्हाच निम्मी लढाई संपली होती."

दुसरा दिवस : पसरणी घाट आणि गड

सकाळी आठला निघालो. वाई सोडली की लगेच पसरणी घाट चढू लागतो आणि पाचगणीपर्यंतचे बारा-तेरा किलोमीटर सतत वळणांचे आहेत. घाटात एका रुंद वळणावर मामांनी गाडी थांबवायला लावली. खाली वाई, कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचे पाणी ढगांच्या फटीतून दिसत होते. मामा कठड्याला टेकून उभे राहिले आणि त्यांनी हातातल्या छत्रीने रस्त्याची कड दाखवली.

"इथं. नाहीतर पुढच्या वळणावर. तेव्हा रस्ता एवढा रुंद नव्हता."

३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते प्रतापगडावरील पुतळ्याचे अनावरण झाले. आज ही ओळ सहज वाचली जाते. त्या वेळी मात्र वर्षभरापूर्वी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र करून द्विभाषिक मुंबई राज्य स्थापन झाले होते, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसे गोळीबारात मारली गेली होती आणि १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला सपाटून हरवले होते. साताऱ्यातून लोकसभेवर क्रांतिसिंह नाना पाटील निवडून गेले होते, तर मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण स्वतःच्या कऱ्हाडातून जेमतेम तगले होते. त्यातच, नेहरूंनी पूर्वी तुरुंगातून लिहिलेल्या इतिहासविषयक पत्रांत अफझलखान प्रकरणाबद्दल जे लिहिले होते, त्याचा राग मराठी मनात होता. नेहरूंनी तो मजकूर पुढे बदलला, तरी राग तेवढ्याने निवळला नव्हता. अशा वेळी तेच नेहरू महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला येणार, ही गोष्ट संयुक्त महाराष्ट्र समितीला आव्हानासारखी वाटली. समितीने पंतप्रधानांच्या वाटेवर, याच घाटात, काळी निशाणे दाखवण्याचे ठरवले.

मामा त्या वेळी अकरा वर्षांचे होते. त्यांच्या थोरल्या भावाने घरातली जुनी छत्री उसवून तिच्या कापडाचे आठ त्रिकोण केले होते, त्यांतला एक मामांच्या वाट्याला आला. काठी म्हणून उसाचे वाढे घेतले. "छत्रीचं कापड मेणचट असतं, वाऱ्यावर फडकत नाही, नुसतं लोंबतं," असे ते हसत म्हणाले. पहाटेपासून माणसे घाटात उभी होती. दगड उचलायचा नाही, शिवी द्यायची नाही, असे वडीलधाऱ्यांनी बजावून ठेवले होते आणि ते पाळले गेले. दुपार की सकाळ हे मामांना आता नीट आठवत नाही. पण गाड्या आल्या त्या एकापाठोपाठ, वेगात. घोषणा झाल्या, निशाणे वर गेली, धूळ उडाली आणि संपले.

"नेहरू दिसले?" मुलीने विचारले.

"एक पांढरी टोपी दिसली. त्या काळी पांढरी टोपी प्रत्येकाच्याच डोक्यावर होती."

मला या आठवणीत वेगळेच काही सलत होते. मी विचारले, "मामा, घोषणा काय दिल्या होत्या?" त्यांनी संयुक्त महाराष्ट्राची घोषणा सांगितली आणि मग म्हणाले, "आणि शिवाजी महाराज की जय." म्हणजे गडावर पुतळ्यावरचा पडदा सरला तेव्हा जो जयजयकार झाला असेल, तोच घाटात काळे निशाण धरलेल्या मुलाच्या तोंडीही होता. एका बाजूला केंद्राचे सरकार महाराजांना राष्ट्रपुरुष म्हणून वंदन करत होते, दुसऱ्या बाजूला त्याच महाराजांचे नाव घेऊन त्याच सरकारकडे मराठी भाषकांचे राज्य मागितले जात होते. अनावरणाच्या दिवशीच एखाद्या स्मारकाचे दोन अर्थ शेजारी शेजारी उभे राहिल्याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. पुढे अडीच वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्याचे उद्घाटनही नेहरूंच्याच हस्ते झाले. मामांच्या शाळेची सहल त्यानंतर प्रतापगडाला गेली आणि तेव्हा त्यांनी पुतळा पहिल्यांदा पाहिला.

ज्यांना या वळणांवर थांबायचे असेल त्यांनी सकाळी लवकर निघावे. शनिवार-रविवारी दहानंतर घाटात गाड्यांची रांग लागते आणि कठड्याजवळ गाडी उभी करणे धोक्याचे ठरते.

पाचगणी आणि महाबळेश्वर आम्ही ओलांडून गेलो. महाबळेश्वरच्या बाजारात फक्त मक्याचे पॅटीस खाल्ले, ते तेलकट निघाले. तिथून आंबेनळी घाटाने गड वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. या रस्त्याविषयी एक सूचना आवर्जून करतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही आठवडे इथे दरडी येतात, तेव्हा निघण्यापूर्वी महाबळेश्वरला स्थानिक गाडीवाल्यांकडे चौकशी करावी. आम्ही चौकशी न करता निघालो आणि वाटेत माती उपसणाऱ्या यंत्रामागे पाऊण तास थांबलो. धुके एवढे दाट झाले की पुढच्या गाडीचा लाल दिवा हीच आमची दिशा होती. ज्या घराघरांतून राहण्याची सोय होते तशा एका ठिकाणी मी फोनवर दोन खोल्या ठरवल्या होत्या. तिथे पोहोचल्यावर एकच खोली शिल्लक असल्याचे कळले. भांडण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या घरातल्या मावशींनी मामांसाठी आणि माझ्यासाठी ओटीवर अंथरूण देण्याचे कबूल केले, आणि रात्री तिथेच नाचणीची भाकरी, पिठले आणि लसणाची चटणी मिळाली म्हणून ही तक्रार मी इथेच सोडतो.

दुपारी दोनच्या सुमारास गड चढायला लागलो. मामांचे गुडघे कुरकुरत होते, तेव्हा भवानीच्या देवळापर्यंत येतो, पुढे तुम्ही जा, असे ठरले.

प्रतापगड जावळीच्या रानात भोरप्या नावाच्या डोंगरावर बांधला आहे. १६५६ च्या आरंभी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि मोरोपंत त्रिंबक पिंगळे यांना इथे गड बांधायला सांगितले. कोकणातून देशावर येणारी पारघाटाची वाट आणि कोयनेचे खोरे डोळ्यांखाली राहावे, हा त्यामागचा हेतू. भेटीचा प्रसंग घडला तेव्हा गड पुरता तीन-चार वर्षांचाही नव्हता. तो नवा कोरा होता, चुना अजून पांढरा असेल, ही गोष्ट आपल्या कधी लक्षात येत नाही. काळवंडलेला, शेवाळलेला दगड पाहून आपण त्या दिवसाचीही कल्पना तशीच करतो.

महादरवाजा समोरून दिसतच नाही. बुरुजांच्या कवेत वाट वळते आणि अगदी पुढ्यात गेल्यावर दार उघडते. आत डाव्या-उजव्या भिंतींत अडसराच्या खोबणी आहेत. मुलीने एका खोबणीत हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. पुढे चिलखती बांधणीचा बुरूज आहे, म्हणजे बुरुजाला बाहेरून दुसऱ्या भिंतीचे कवच. तोफेच्या गोळ्याने बाहेरची भिंत ढासळली तरी आतली उभी राहावी, अशी ही रचना. या दोन भिंतींमधल्या बोळात उभे राहिलो तेव्हा बाहेरचा वारा एकदम बंद झाला आणि फक्त थेंब पडण्याचा आवाज उरला. मागच्या तीन सहलींत मी या बोळावरून तसाच पुढे गेलो होतो.

भवानीचे मंदिर १६६१चे. तुळजापूर तेव्हा शत्रूच्या मुलखात होते, देवीच्या दर्शनाला जाणे अवघड होते, म्हणून महाराजांनी गंडकी नदीचा शिळाखंड आणवून ही मूर्ती घडवून घेतली, असे परंपरा सांगते. काळ्याभोर दगडाची ती मूर्ती दिव्याच्या उजेडात पाहिली की परंपरेवर शंका घ्यावीशी वाटत नाही. देवळात हंबीरराव मोहिते यांची म्हणून एक तलवारही दाखवतात. गडाचा आणि देवस्थानाचा सांभाळ साताऱ्याच्या छत्रपतींच्या घराण्याकडे आहे. नवरात्रात एका रात्री तटावर मशाली लावतात. आम्ही आठवडाभर उशिरा गेल्याने तो सोहळा हुकला, आपण शक्य असेल तर ते दिवस धरूनच बेत आखावा.

मामांना दीपमाळेजवळच्या ओट्यावर बसवून आम्ही बालेकिल्ल्याकडे निघालो. केदारेश्वराच्या देवळात क्षणभर टेकलो. बाहेर पडलो तर समोर काहीच नव्हते. धुके इतके खाली आले होते की बाग, झाडे, कठडा सगळे पांढरे झाले होते. चालत गेल्यावर दगडी चौथरा हाताला लागला, तेव्हा कळले की आपण पुतळ्यापाशी आलो आहोत. सतरा फुटांचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आमच्या डोक्यावर होता आणि आम्हाला त्याचा ठिपकाही दिसत नव्हता. चौथऱ्याच्या कडेला पाणी जमत होते, थेंब लांबत लांबत जाई, कडेवर क्षणभर थरथरे आणि मग दगडावर पडे. त्याच एका जागी दगड किंचित घासला गेल्यासारखा वाटला.

शेजारी दुसरा एक घोळका उभा होता आणि त्यांच्याबरोबरचा वाटाड्या मोठ्या आवाजात सांगत होता की, घोड्याचे दोन्ही पाय वर असले तर स्वार रणात पडलेला असतो, एक पाय वर असला तर जखमांनी गेलेला असतो आणि चारही जमिनीवर असले तर नैसर्गिक मरण. धुक्यामुळे घोड्याचे पाय कोणालाच दिसत नव्हते, तरीही माना डोलावल्या गेल्या. हा नियम आपल्याकडे सर्वत्र सांगितला जातो, पण शिल्पकारांचा असा कोणताही संकेत नाही. कित्येक टनांचे ओतीव काम किती पायांवर तोलायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न असतो. अर्थ आपण नंतर लावतो.

मुलीने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "बाबा, महाराज गडावर असायचे तेव्हा राहायचे कुठे? वाडा कुठेय?"

वाडा होता तो इथेच, पुतळ्याच्या जागी, असे गडाची माहिती सांगणारे सगळे सांगतात. जिथे त्यांचे राहते घर होते, तिथे आता ते घोड्यावर आहेत. मला हे सांगताना थोडे चमकल्यासारखे झाले. गडाच्या या अंगाला तटबंदी आहे, तलाव आहेत, मागच्या बाजूला कडेलोटाची जागा आहे, पण माणसे कशी राहिली असतील याचा माग पुसट झाला आहे. नंतरच्या काळातला एक रहिवासी मात्र मला नेहमी आठवतो. पेशवाईतले मुत्सद्दी सखारामबापू बोकील यांना नाना फडणविसांनी कैद करून काही काळ याच गडावर ठेवले होते. महाराजांच्या वतीने खानाला जावळीत आणणारे पंताजी गोपीनाथ हे त्यांच्याच बोकील घराण्यातले. पूर्वजाच्या शब्दाने जिथे राज्य तरले, तिथल्याच तटावरून सखारामबापूंनी खालची दरी बंदिवान म्हणून पाहिली. या गोष्टीचे स्मारक गडावर नाही आणि कोणी उभारणारही नाही.

अर्धा तास थांबल्यावर वारा सुटला. धुक्यात एक भोक पडले, घोड्याची मान आणि त्यामागे महाराजांची आकृती काळ्या सावलीसारखी दिसली, सगळ्यांच्या तोंडून एकदम जयजयकार निघाला आणि मोबाइल बाहेर येईपर्यंत भोक बुजले. मुलीने काढलेल्या बारा फोटोंत चौथरा आणि पांढरे आभाळ आले.

गडावर जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. पायऱ्या ओल्या असताना चपला घालून जाऊ नये. महादरवाजा संध्याकाळी बंद होतो, तेव्हा दुपारी तीनच्या आत चढावे. मोबाइलचे नेटवर्क अधूनमधूनच मिळते, म्हणून रोख पैसे जवळ असू द्यावेत. आकाश निरभ्र असेल तर मकरंदगड दिसतो आणि नशीब जोरावर असले तर वायव्येकडे रायगडही. आमचे नशीब तेवढे नव्हते.

तिसरा दिवस : पार, मेढा, कऱ्हाड

सकाळी जाग आली ती कोंबड्याने नव्हे, उजेडाने. आभाळ धुऊन निघाले होते. मावशींनी कोऱ्या चहाबरोबर पेढे खाल्लेले पाहून आश्चर्य केले, त्यांना ते फार गोड वाटले. त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही परत वर न जाता खाली पार गावात गेलो.

पार म्हणजे जुनी पेठ पार. घाटावरून आणि कोकणातून येणारा माल इथून जात असे. गावात रामवरदायिनीचे देऊळ आहे आणि गावाजवळ कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे. पुलाचे खांब प्रवाहाच्या अंगाला टोकदार आहेत, त्यामुळे पाणी आणि वाहून येणारी झाडे दुभंगून बाजूने जातात. पाऊस नुकताच ओसरल्याने नदी भरून होती. त्या टोकांवर पाणी आपटून दोन पांढऱ्या मिशा काढाव्यात तसे बाजूला होत होते. साडेतीनशेहून अधिक पावसाळे त्या दगडांनी असे दुभंगले आहेत, आणि इथले पावसाळे म्हणजे आमच्या सांगलीकडच्या माणसाने नुसती कल्पना करावी असे. एक गुराखी म्हशी घेऊन पुलावरून गेला. पुलावर आमच्याखेरीज दुसरा प्रवासी नव्हता, माहितीचा घोळकाही नव्हता.

इथे उभे राहून वर पाहिले की १० नोव्हेंबर १६५९ चा दिवस गडावरून समजतो त्याहून जास्त समजतो. खानाची फौज महाबळेश्वरच्या पठारावरून रडतोंडीच्या घाटाने उतरून या परिसरात आली. घाटाचे नावच किती बोलके आहे. हत्ती, उंट आणि अवजड सामान घेऊन आलेल्या सैन्याची त्या उतरणीवर काय गत झाली असेल, ते वेगळे सांगायला नको. चारी बाजूंना रान, वर गड, आणि रानात दबा धरून बसलेले कान्होजी जेधे, नेताजी पालकर यांचे लोक. वरून तोफेचा इशारा झाला तेव्हा या खोऱ्यातून बाहेर पडायला वाटच नव्हती. भेटीच्या शामियान्यात काही क्षणांत जे घडले, जिवा महालाने सय्यद बंडाचा वार कसा अडवला आणि "होता जिवा म्हणून वाचला शिवा" ही म्हण कशी पडली, हे सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर केवळ अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा स्वराज्यात आला, हे मात्र तितके आठवत नाही. खानाची कबर गडाच्या पायथ्याशी आहे, पण तिकडे पर्यटकांना जाता येत नाही.

जागतिक वारशाच्या त्या यादीत प्रत्येक किल्ल्याची जात नोंदवली आहे. रायगड, राजगड हे गिरिदुर्ग, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे बेटांवरचे. प्रतापगड मात्र डोंगर आणि अरण्य दोन्ही मिळून झालेला दुर्ग, असे त्यात म्हटले आहे. पुलावरून वर पाहताना ते अक्षरशः पटले. पुतळा इथून दिसत नाही. दिसते ती हिरव्या रानातून वर आलेली माची, एक बुरूज आणि त्यावरचा भगवा. खान ज्या गडाच्या पायथ्याशी आला, तो त्याला असाच दिसला असणार. मला हा गड पुतळ्याजवळच्या गडापेक्षा अधिक आवडला, हे मी कबूल करतो. मामांना ते पटले नाही. त्यांच्या मते पुतळा नसता तर इतकी माणसे गडावर आलीच नसती, आणि माणसे आली नसती तर तटाचे दगड केव्हाच लोकांच्या घरांत गेले असते. या युक्तिवादावर माझ्याकडे चांगले उत्तर नव्हते, अजूनही नाही.

ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी रडतोंडीची जुनी वाट स्थानिक माणूस बरोबर घेऊनच चालावी. पारच्या पुलासाठी अर्धा तास पुरतो, आणि प्रतापगडाच्या सहलीत तो अर्धा तास धरला नाही तर निम्मी गोष्ट राहून जाते.

मामांना कऱ्हाडला त्यांच्या मुलीकडे सोडायचे होते, म्हणून महाबळेश्वरहून मेढ्यामार्गे साताऱ्याला उतरलो आणि महामार्ग धरला. दुपार कलताना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर पोहोचलो. पहिल्या दिवशी ज्या पाण्याकाठी आम्ही वाईत बसलो होतो ती कृष्णा आणि सकाळी जिच्या पुलावर उभे होतो ती कोयना, दोघी इथे समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून एकत्र सांगलीकडे निघतात. संगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. पुतळ्याच्या अनावरणाच्या वेळी द्विभाषिकाचे मुख्यमंत्री आणि पुढे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, असे दोन्ही तेच.

मामा समाधीसमोर बराच वेळ उभे होते. मग बागेतल्या बाकावर येऊन बसले आणि मुलीने आणलेली भेळ खाता खाता म्हणाले, "हे त्या दिवशी कुठल्या गाडीत होते, ते मला तेव्हाही कळलं नाही." त्यांनी फोटो मागितले. मुलीने मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर केला, बोटांनी चित्र मोठे केले, एकामागून एक बारा पांढरे फोटो पाहिले आणि मोबाइल परत केला.

"चौथऱ्याचे दगड मात्र छान आलेत," ते म्हणाले.